सायॉनिक क्लास आणि ऐच्छिक नियम स्वतः रचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) आणि होमब्रू लिहिणाऱ्या मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीची आहेत. आकडे २०१४ च्या नियमांतले. २०२४ च्या पुस्तकांमुळे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. क्रमाने वाचायची गरज नाही, जिथे एका उत्तराला दुसरं लागतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सायॉनिक्स म्हणजे काय? शेवटी ती जादूच ना?

मनाच्या जोरावर घडणारे परिणाम म्हणजे सायॉनिक्स: दुसऱ्याच्या मनात बोलणं, हात न लावता वस्तू हलवणं, पुढचं दिसणं, स्वतःचं शरीर बदलणं. यातलं जवळजवळ सगळं स्पेलनेही (जादूच्या मंत्रानेही) होतं. फरक आहे तो मिळकतीच्या वाटेत. विझार्डला पोथी लागते, क्लेरिकला देव, वॉरलॉकला धनी. सायॉनला, म्हणजे सायॉनिक्स वापरणाऱ्याला, काहीच लागत नाही, आणि डिझाइनची सगळी डोकेदुखी इथून सुरू होते. पोथी चोरता येते, देव रुसू शकतो, तोंड बांधलं की मंत्र थांबतो. ज्याच्याकडून काहीच काढून घेता येत नाही, त्याच्या शक्तीची किंमत दुसरीकडे कुठेतरी लावावी लागते. खालची निम्मी उत्तरं ती किंमत कुठे आणि किती लावायची याचीच आहेत.

२. सायॉनिक्स इतकं जुनं आहे, मग पाचव्या आवृत्तीत त्याचा पूर्ण क्लास का आला नाही?

कारण आजवरचा प्रत्येक प्रयत्न वेगळ्या जागी फसला. स्वतःचा क्लास (कॅरेक्टरचा पेशा: विझार्ड, फायटर वगैरे) लिहिण्याआधी हा इतिहास माहीत असलेला बरा.

१९७६ च्या एका पुरवणीत सायॉनिक्स पहिल्यांदा आलं. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात ते परिशिष्टात होतं: इंटेलिजन्स, विज्डम किंवा करिझ्मा यांपैकी एखादी ॲबिलिटी (कॅरेक्टरच्या गुणाचा आकडा) १६ किंवा जास्त असेल तर टक्क्यांचे फासे टाकायचे, लागलं तर शक्ती, नाही लागलं तर नाही. म्हणजे एकाच्या ताटात फुकटची जिलबी आणि बाकीचे बघत बसलेले. १९९१ मध्ये सायॉनिसिस्ट हा स्वतंत्र क्लास झाला, पण प्रत्येक शक्तीसाठी आधी चेक (फासा टाकून ठरणारी परीक्षा). चेक फसला तरी शक्तीला लागणारे निम्मे पॉइंट गेलेच. २००१ मध्ये सहा शाखा सहा वेगवेगळ्या ॲबिलिटींना बांधल्या, त्यामुळे दोन शाखा नीट वापरायच्या तर दोन ॲबिलिटी वाढवत बसा.

२००४ ची दुरुस्ती आजही सगळ्यांत अभ्यासण्यासारखी आहे. शक्तींचे पॉइंट १, ३, ५, ७ असे चढत १७ पर्यंत, जादा पॉइंट घालून तीच शक्ती वाढवायची सोय, आणि एका शक्तीवर आपल्या मॅनिफेस्टर लेव्हलपेक्षा (सायॉनिक्समधल्या पातळीपेक्षा) जास्त पॉइंट घालायचे नाहीत ही कॅप. ही कॅप विसरून खेळणाऱ्या टेबलांनीच ‘सायॉनिक्स तुटलेलं आहे’ ही बोंब सगळ्यांत जास्त मारली. २०१० मध्ये पॉइंट फक्त कायम हाताशी असलेल्या हल्ल्यांना जोर द्यायला वापरायचे होते, त्यामुळे एकच स्वस्त हल्ला दर फेरीला घासला जायचा.

पाचव्या आवृत्तीत मिस्टिक नावाचा क्लास २०१५, २०१६ आणि २०१७ अशा तीन मसुद्यांत चाचणीला आला आणि गुंडाळला गेला. जखमा भरणं, मार खाणं, टेलिपोर्ट, मारामारी, हेरगिरी हे सगळं एकाच क्लासला जमत होतं, मग टेबलावरच्या बाकीच्यांनी करायचं काय? २०२० मध्ये त्याऐवजी तीन सबक्लास (क्लासच्या उपशाखा) आले: सायवॉरियर, सोलनाइफ, ॲबरंट माइंड. २०२५ मध्ये सायॉन पुन्हा चाचणीला आला.

३. ऐच्छिक नियम, हाउस रूल आणि होमब्रू यांत फरक काय?

ऐच्छिक नियम पुस्तकात छापलेला असतो, वापरायचा की नाही ते डीएम ठरवतो. २०१४ मध्ये फीट (जादा कौशल्यं) आणि मल्टिक्लासिंगसुद्धा (एकाहून जास्त क्लास घेणं) कागदोपत्री ऐच्छिकच होते. हाउस रूल म्हणजे एका टेबलापुरता केलेला बदल. होमब्रू म्हणजे नव्याने लिहिलेली गोष्ट: क्लास, स्पेल, प्राणी. सायॉनिक क्लास लिहायला घेतलात की तिन्ही एकदम हातात येतात, त्यामुळे मसुद्यात प्रत्येक ओळ यातली कोणती ते लिहून ठेवा.

४. पहिल्यांदाच ऐच्छिक नियम लिहितोय. सुरुवात कुठून करू?

तक्रारीपासून. ‘आमच्या टेबलावर अमुक होतं आणि ते नको’ हे एका वाक्यात लिहिता आलं नाही तर नियम लिहू नका. मग ती तक्रार कोणत्या फाशातून किंवा आकड्यातून येते ते शोधा आणि तेवढाच आकडा हलवा. नियम अर्ध्या पानात मावला पाहिजे. एका वेळी एकच नियम टेबलावर आणा आणि तीन सेशननंतर ठेवायचा की काढायचा हे आधीच जाहीर करा. काढायची तारीख ठरलेली असली की प्लेअरही मोकळेपणाने बोलतात.

छापलेल्या फ्लँकिंगच्या ऐच्छिक नियमाचंच उदाहरण घ्या. तक्रार रास्त आहे: सगळे जागच्या जागी उभे राहून मारतात, हालचाल नाही. उपाय म्हणून शत्रूच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिले की ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा). आता आकडा बघा. २० बाजूंच्या फाशावर ८ लागत असेल तर एरवी ६५ टक्के वेळा फटका बसतो, ॲडव्हान्टेजने जवळजवळ ८८ टक्के. क्रिटिकल (२० लागून बसणारा जबर फटका) ५ वरून पावणेदहा टक्क्यांवर. फुकटात, दर फेरीला. शिवाय ॲडव्हान्टेजवर ॲडव्हान्टेज चढत नाही, त्यामुळे बार्बेरियन स्वतःला धोक्यात घालून जे मिळवतो किंवा जोडीदार स्पेल खर्चून जे देतो, ते सगळं वाया. हालचाल वाढायची सोडून मुंग्यांसारखी रांग लागते ती वेगळीच. ॲडव्हान्टेजऐवजी साधा +२ दिला की ६५ चे ७५ होतात आणि इतर क्लासची ताकद शाबूत राहते.

५. सायॉनिक क्लासला पॉइंट द्यावेत, स्लॉट द्यावेत की फासे?

तिन्ही चालतात, पण तिघांची दुखणी वेगळी.

स्लॉट (प्रत्येक लेव्हलच्या स्पेलसाठी दिवसाला ठरलेल्या जागा) सगळ्यांत सुरक्षित, कारण मोठ्या आणि छोट्या शक्तींचा कोटा आधीच ठरलेला असतो. तक्रार एकच, ‘हा तर दुसऱ्या नावाचा सॉर्सरर’.

पॉइंट सगळ्यांना आवडतात आणि सगळ्यांत जास्त तिथेच घसरायला होतं. डन्जन मास्टर्स गाइडमधल्या स्पेल पॉइंटच्या ऐच्छिक नियमात पहिल्या ते पाचव्या लेव्हलच्या स्पेलला अनुक्रमे २, ३, ५, ६, ७ पॉइंट लागतात. पाचव्या लेव्हलच्या पूर्ण कास्टरला (स्पेल टाकणाऱ्या क्लासला) २७ पॉइंट, म्हणजे त्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या लेव्हलच्या ४, ३ आणि २ स्लॉटांची तंतोतंत बेरीज. वरवर हिशोब जुळतो. पण स्लॉटवाल्याला दिवसात दोनच फायरबॉल (तिसऱ्या लेव्हलचा स्पेल) मिळतात, पॉइंटवाल्याला पाच, वर दोन पॉइंट उरतात. उलट टोकाला तोच माणूस दर फेरीला शील्ड (पहिल्या लेव्हलचा स्पेल) टाकत तेरा वेळा निसटतो. मधल्या शक्ती कुणी वापरतच नाही. सहाव्या लेव्हलपासूनचा स्पेल दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) मधे प्रत्येक लेव्हलचा एकदाच असं बंधन त्या नियमात आहे ते याच कारणासाठी, पण खालच्या पाच लेव्हलना ते लागू नाही.

फाशांचा मार्ग सायवॉरियर आणि सोलनाइफचा. प्रोफिशियन्सी बोनसच्या (लेव्हलप्रमाणे वाढणाऱ्या आकड्याच्या) दुप्पट फासे, सुरुवातीला डी६ (सहा बाजूंचा फासा), पाचव्या लेव्हलला डी८, अकराव्याला डी१०, सतराव्याला डी१२. हिशोब सोपा, टेबलावर मजा येते, आणि एका वेळी एकच फासा जात असल्याने कॅप आपोआप लागते. मात्र पंधरा-वीस शक्तींची यादी असलेला पूर्ण क्लास यावर उभा राहत नाही. फायटर किंवा रोगला सायॉनिक झाक द्यायची तर हेच घ्या, पूर्ण क्लास लिहायचा तर पॉइंट आणि सोबत कॅप.

६. पॉइंट किती द्यायचे? मला प्रत्यक्ष आकडे हवे आहेत.

चालणारा एक साचा:

- एकूण पॉइंट: सायॉन क्लासची लेव्हल + इंटेलिजन्स मॉडिफायर, लाँग रेस्टला पूर्ण भरतात.
- दिवसात एकदा शॉर्ट रेस्टनंतर (तासाभराच्या विश्रांतीनंतर) लेव्हलच्या निम्मे पॉइंट परत, वरच्या पूर्णांकात.
- एका टर्नमध्ये खर्चायची कॅप: पहिल्या लेव्हलला १, तिसऱ्याला २, पाचव्याला ३, नवव्याला ४, तेराव्याला ५, सतराव्याला ६.
- बिनपॉइंटचा मनोघात: १डी८ सायकिक (मानसिक) इजा, पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या लेव्हलला एकेक फासा वाढतो. समोरच्याचा सेव्ह (वाचण्यासाठी टाकलेला फासा) यशस्वी झाला तर काही नाही.
- घातलेल्या प्रत्येक पॉइंटला आणखी १डी८.

आता पाचव्या लेव्हलला तपासू. इंटेलिजन्स १८, म्हणजे ९ पॉइंट, कॅप ३, सेव्ह डीसी (वाचायला लागणारा आकडा) १५. समोरच्याचा इंटेलिजन्स सेव्ह −१ धरला तर तो ७५ टक्के वेळा फसतो. फुकटचा घात २डी८ म्हणजे सरासरी ९, पदरात पावणेसात. पूर्ण जोराचा ५डी८ म्हणजे साडेबावीस, पदरात साधारण १७. असे तीन जोराचे टर्न मिळतात, शॉर्ट रेस्टनंतर आणखी एक.

तुलनेला ग्रेटस्वर्डवाला फायटर: दोन हल्ले, प्रत्येकी सरासरी ११, ६५ टक्के अचूकता, म्हणजे टर्नला सुमारे १४. मधे शॉर्ट रेस्ट घेऊन दोन लढाया, प्रत्येकी चार फेऱ्या झाल्या तर सायॉनची सरासरी पावणेबारा पडते. तीन लढायांना दहा. फायटरच्या खाली, आणि ते बरोबरच आहे, कारण सायॉन दुरून मारतो आणि तेच पॉइंट तो शत्रूला खिळवायला, बोलायला, उडायलाही वापरू शकतो. एकच लढाई झाली तर? चार फेऱ्यांत तीन जोराचे, सरासरी सुमारे सव्वाचौदा. फायटर त्या लढाईत ॲक्शन सर्ज (एकदा मिळणारी जादा कृती) वापरून अठराच्या आसपास जातो. दिवस लांबला की आखडला, सायॉन कुठेच उसळी मारत नाही. कॅप लावायची ती यासाठी.

हा साचा दहाव्या लेव्हलपर्यंत भरवशाचा आहे. अकराव्यापासून विझार्डच्या वरच्या स्पेलपुढे सायॉन फिका पडतो. तिथे पॉइंट वाढवू नका, लाँग रेस्टला एकदाच वापरता येईल अशी एकेक मोठी शक्ती द्या.

७. माझा सायॉन सगळ्यांना इंटेलिजन्स सेव्ह करायला लावतो आणि कुणीच वाचत नाही. काय चुकलं?

पाचव्या आवृत्तीत इंटेलिजन्स सेव्ह मागणारे परिणाम मुळात थोडे, आणि राक्षसांचा तो आकडाही बहुतेक वेळा तळाला. एकाच ओगरकडे डीसी १५ घेऊन बघा: इंटेलिजन्स ५, म्हणजे सेव्ह −३, फसण्याची शक्यता ८५ टक्के. त्याचीच स्ट्रेंग्थ १९, तिथे ५० टक्के. सगळं इंटेलिजन्सवर ठेवलं तर आडदांड शत्रूला खिळवणं सगळ्यांत सोपं होऊन बसतं.

म्हणून सेव्ह परिणामाप्रमाणे वाटा. मनाला निव्वळ इजा असेल तर इंटेलिजन्स. भीती, भुरळ, हुकूम असेल तर विज्डम. ढकलणं, उचलणं, दाबून धरणं असेल तर स्ट्रेंग्थ. शत्रूचा टर्न हिरावणारी कोणतीही शक्ती इंटेलिजन्सवर ठेवू नका. माइंड फ्लेअर या राक्षसाचा माइंड ब्लास्ट तसाच आहे, डीसी १५ आणि मिनिटभर स्टन (सुन्न), आणि त्याने किती पार्ट्या झोपवल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. राक्षसाला ते शोभतं, कारण तो एकदाच भेटतो. प्लेअरच्या हातात तेच अस्त्र दर शनिवारी असतं.

दुसरं टोकही सांभाळा. ॲनिमेटेड आर्मर किंवा स्टोन गोलेम सायकिक इजेला इम्यून आहेत. पूर्ण डन्जन अशांचं असेल तर सायॉन बाजूला बसतो. इजेचा प्रकार बदलणारी नसली तरी एक ढकलणारी शक्ती क्लासला पहिल्याच लेव्हलला सक्तीने द्या.

८. सायॉनिक शक्ती जादू धरायची की वेगळी? डिटेक्ट मॅजिकला दिसते का? अँटीमॅजिक फील्डमध्ये चालते का?

जादू धरा. माइंड ब्लास्टच्या २०१४ च्या वर्णनातही फ्लेअर ती ऊर्जा जादूने सोडतो असंच लिहिलं आहे, त्यामुळे मॅजिक रेझिस्टन्स असलेल्याला त्या सेव्हवर ॲडव्हान्टेज मिळतो. २००४ च्या नियमांतही मूळ धोरण हेच होतं, दोन्ही एकमेकांना लागू. वेगळं धरण्याचा पर्याय ऐच्छिक होता.

वेगळं धरलं तर ऐकायला छान, पण मोजा: डिस्पेल मॅजिक (चालू स्पेल मोडणारा) चालत नाही, मॅजिक रेझिस्टन्स चालत नाही, अँटीमॅजिक फील्ड (जादू बंद पाडणारं) चालत नाही, काउंटरस्पेल (स्पेल टाकतानाच अडवणारा) चालत नाही. चार कुलपं एका किल्लीने उघडली आणि किल्लीचे पैसे कुणीच दिले नाहीत. तुमच्या जगात वेगळेपणा हवाच असेल तर सायॉनिक्सला थोपवणाऱ्या तितक्याच गोष्टी आधी लिहा आणि त्या शत्रूंच्या हाती द्या. तेवढं काम करायची तयारी नसेल तर जादूच धरा.

एक बारकावा: जादूचा परिणाम म्हणजे स्पेलच असतो असं नाही. शक्ती स्पेल नसेल तर डिस्पेल मॅजिक आणि काउंटरस्पेल शब्दशः लागू होत नाहीत, अँटीमॅजिक मात्र होतं. म्हणून क्लासमध्ये एक ओळ स्पष्ट घाला: ‘स्पेलवर चालणाऱ्या परिणामांसाठी ही शक्ती, तिच्यावर खर्च केलेल्या पॉइंटइतक्या लेव्हलचा स्पेल समजावी.’

९. सायॉनला ना मंत्र, ना हातवारे. मग काउंटरस्पेल करणाऱ्याला कळणार कसं?

इथेच किंमत लावायची. २००४ च्या नियमांत प्रत्येक शक्तीला एक खूण असायची: गुंजन, वास, डोळ्यांत चमक, अंगावर ओल, मनात हलकी किणकिण. खूण दडपायची तर १५ + शक्तीची लेव्हल इतक्या डीसीचा कॉन्सन्ट्रेशन चेक लागायचा.

पाचव्या आवृत्तीला साजेसा तर्जुमा असा: प्रत्येक शक्तीला ३० फुटांवरून जाणवेल अशी एक खूण, प्लेअरने पहिल्या सेशनला स्वतः निवडलेली. ती लपवायची तर एक पॉइंट जादा, आणि तो कॅपमध्ये धरला जातो. सॉर्सररला हेच करायला सटल स्पेलचा एक सॉर्सरी पॉइंट मोजावा लागतो, तेव्हा सायॉनला फुकट देणं सॉर्सररवर अन्याय. दरबारात, बाजारात, वाटाघाटीत हा एक पॉइंट लढाईतल्या पॉइंटांपेक्षा जास्त गाजतो.

१०. टेलिपथीमुळे माझी रहस्यकथा पहिल्या अर्ध्या तासात संपते. बंद करू का?

बंद करू नका, पातळ्या पाडा. पहिली पातळी बोलणं: ३० फूट, दोघांना एक तरी भाषा येत असली पाहिजे, काहीही वाचता येत नाही. दुसरी वरवरचा विचार: माणूस या क्षणी ज्याचा विचार करतोय तेवढंच. तिसरी खोल शिरणं: विज्डम सेव्ह, आणि सेव्ह यशस्वी होवो न होवो, समोरच्याला कळतं. डिटेक्ट थॉट्स हा स्पेलही साधारण असाच चालतो.

तयारीत प्रत्येक महत्त्वाच्या एनपीसीसमोर (डीएम चालवतो त्या पात्रासमोर) त्याचा वरवरचा विचार एका ओळीत लिहून ठेवा, आणि तो खरा पण अपुरा असू द्या. खुनाच्या रात्री हजर असलेल्या खानावळवाल्याच्या मनात ‘मी मारलं’ हे वाक्य घोळत नसतं. ‘मागच्या खोलीचं कुलूप यांनी बघायला नको’ हे घोळत असतं. आता प्लेअरांना खुनी सापडलेला नाही, पण कुलूप सापडलं. रहस्य पुढे सरकलं. आणि त्या खोलीत खुनाचा पुरावा नसून चोरीची दारू असेल, तर टेलिपथीवर आंधळा विश्वास ठेवणंही सुटतं.

११. टेलिकिनेसिसने शत्रूचं हृदय पिळलं तर? प्लेअर ऐकत नाही.

नाही चालणार, आणि हे क्लासच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: जिवंत प्राण्याच्या शरीरातली कोणतीही गोष्ट स्वतंत्र वस्तू नाही. दिसत नसलेल्या वस्तूला धरता येत नाही. अंगावरची किंवा हातातली वस्तू ओढायची तर मालकाला स्ट्रेंग्थ सेव्ह. वाद घालणाऱ्याला एवढंच सांगा की शक्ती जे करते ते तिच्या वर्णनात असतं. हृदय पिळल्यासारखं दिसणारा ५डी८ चा मनोघात तो खुशाल तसा रंगवू शकतो.

खरी पळवाट वेगळीच, उचलून आपटण्याची. पडण्याची इजा दर १० फुटांना १डी६, कमाल २०डी६. ६० फूट उचलून सोडला की ६डी६ आणि वर शत्रू आडवा. म्हणून वर उचलण्याला पॉइंटमागे १० फूट अशी मर्यादा घाला. वजनासाठी दोन टोकं लक्षात असू द्या: मेज हँड हा कँट्रिप (स्लॉट न लागणारा स्पेल) १० पौंड उचलतो, टेलिकिनेसिस हा पाचव्या लेव्हलचा स्पेल १,००० पौंड. तुमची शक्ती या दोहोंच्या मधे तिच्या पॉइंटप्रमाणे बसली पाहिजे.

१२. पॉइंट संपल्यावर जीव पणाला लावून शक्ती वापरता यावी असं वाटतं. हिट पॉइंट घेऊ का?

कल्पना नाट्यमय आहे, पण हिट पॉइंट हे चुकीचं चलन. लढाई संपली की ते स्वस्तात भरून येतात, म्हणजे बिल क्लेरिकच्या नावावर. एग्झॉशन (थकव्याच्या पायऱ्या) त्याहून अवघड. २०१४ मध्ये पहिल्या पायरीला सगळ्या ॲबिलिटी चेकवर डिसॲडव्हान्टेज आणि सहाव्या पायरीला मृत्यू. २०२४ मध्ये पायरीमागे डी२० च्या प्रत्येक चाचणीवर −२ आणि वेग ५ फुटांनी कमी. लाँग रेस्टला एकच पायरी उतरते, त्यामुळे एका हौशी सायॉनपायी अख्खी पार्टी दोन दिवस मुक्काम ठोकते.

हिट डाइस घ्या. एक हिट डाइस खर्चला की एक पॉइंट, टर्नला एकदाच, कॅपच्या आत. तो फासा शॉर्ट रेस्टला जखमा भरायला उरत नाही, आणि याची झळ ज्याने खर्च केला त्यालाच बसते.

१३. ग्रिटी रिअॅलिझमचा रेस्ट वापरतो. सायॉनचं काय होईल?

त्या पर्यायात शॉर्ट रेस्ट ८ तासांचा आणि लाँग रेस्ट ७ दिवसांचा. पॉइंटांचा हिशोब तसाच राहतो, कारण दोन रेस्टमधल्या लढाया साधारण तितक्याच असतात. अडकतं ते शक्तींच्या कालावधीत. ‘८ तास टिकते’ अशी शक्ती पूर्वी दिवसभर पुरायची, आता आठवड्यातला एक दिवस. तासाची ८ तास करा, ८ तासांची ३ दिवस. मिनिटाच्या शक्तींना हात लावू नका.

१४. मल्टिक्लास केल्यावर कुठे फुटतं?

तीन जागी. पहिली, प्रोफिशियन्सी बोनस. तो एकूण लेव्हलवर वाढतो, क्लासच्या नाही. सायवॉरियरच्या फाशांची संख्या त्याला बांधलेली आहे, त्यामुळे फायटर ३ आणि इतर १४ अशा कॅरेक्टरलाही बारा फासे मिळतात. फाशाचा आकार फायटर लेव्हलवर असल्याने ते डी६ राहतात, म्हणून निभावतं. तुमच्या क्लासमध्ये पॉइंट आणि कॅप दोन्ही सायॉन लेव्हललाच बांधा.

दुसरी, अदलाबदल. सायॉनिक पॉइंटांचे सॉर्सरी पॉइंट किंवा स्लॉट कधीही होत नाहीत आणि उलटही नाही, हे वाक्य लिहिलंच पाहिजे. वॉरलॉकचे शॉर्ट रेस्टचे स्लॉट सॉर्सरी पॉइंटांत वितळवून रात्रभर स्लॉट साठवणारी जोडी सगळ्यांना माहीत आहे, तिला तिसरा भागीदार मिळवून देऊ नका. तिसरी, कॉन्सन्ट्रेशन (लक्ष देऊन टिकवायचा स्पेल एका वेळी एकच). सायॉनिक शक्तीला वेगळं ‘मनाचं कॉन्सन्ट्रेशन’ दिलं की स्पेल आणि शक्ती एकत्र चालतात. देऊ नका.

१५. सगळ्यांनाच थोडी सायॉनिक शक्ती द्यावी का?

जग तसं असेल तर द्या. १९९१ च्या डार्क सन या खेळाच्या जगात प्रत्येकाला एखादी जंगली शक्ती असायची. पण फाशांनी वाटू नका, प्र. २ मधली जिलबी आठवा. पहिल्या लेव्हलला सगळ्यांना टेलिपथिक किंवा टेलिकिनेटिक यांपैकी एक फीट द्या आणि विषय संपवा.

१६. मराठी टेबलावर सायॉनिक्सला ‘सिद्धी’ म्हटलं तर?

छान बसतं, आणि नुसतं नाव घेऊन थांबू नका. पतंजलींच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादाचं पहिलंच सूत्र आहे, ‘जन्मौषधिमन्त्रतपःसमाधिजाः सिद्धयः’. सिद्धी येते ती जन्मातून, औषधीतून, मंत्रातून, तपातून किंवा समाधीतून. पाच सबक्लास आयते, आणि प्रत्येकाची किंमतही आत दडलेली. औषधीवाल्याचा साठा संपतो. मंत्रवाल्याचं तोंड बांधता येतं. तपवाला हिट डाइस मोजतो, प्र. १२ प्रमाणे. समाधीवाल्याचं कॉन्सन्ट्रेशन मोडलं की सगळं गेलं. जन्मसिद्धाला मात्र बाहेरचं काहीच लागत नाही, म्हणून त्याच्या शक्तींची यादी सगळ्यांत आखूड ठेवा.

अष्टसिद्धींतल्या अणिमा, लघिमा, वशित्व ही नावं शक्तींना सरळ लावता येतात. ज्ञानेश्वरांची भिंत आणि चांगदेवांचा वाघ मात्र पॉइंटांत मोजायला जाऊ नका. टेबलावर कुणाला तरी ते खुपतं.

१७. क्लास तयार झाला. चाचणी कशी घेऊ?

लेव्हल १, ५ आणि ११ अशा तीन जागी. प्रत्येक ठिकाणी त्याच तीन लढाया दोनदा खेळा, एकदा सायॉनसह आणि एकदा त्याच्या जागी विझार्ड घेऊन. एक लढाई आडदांड शत्रूंशी, एक सायकिक इजेला इम्यून असणाऱ्यांशी, एक मोठ्या घोळक्याशी. टिपून ठेवायचं ते एवढंच: कोणत्या फेरीत पॉइंट संपले, एकच शक्ती लागोपाठ किती वेळा वापरली, आणि सायॉनचा टर्न किती मिनिटं चालला. एखादी शक्ती निम्म्याहून जास्त टर्नमध्ये दिसली तर ती स्वस्त आहे. एकदाही न दिसलेली शक्ती बहुधा महाग नसून तिचं वर्णन लांबलचक असतं.

क्लास स्वतः न लिहिलेल्या माणसाच्या हाती द्या आणि तोंड मिटून बसा.

१८. लिहिलेला क्लास विकता येईल का?

पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१ (इतरांना वापरायला खुला केलेला नियमांचा संच) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय-परवान्याखाली आहे. त्यातला मजकूर वापरता येतो, ठरलेली श्रेयाची ओळ छापावी लागते. सायवॉरियर, सोलनाइफ वगैरे सबक्लास आणि माइंड फ्लेअरचा स्टॅट ब्लॉक त्यात नाहीत, तेव्हा ते उचलू नका. तुमच्या शक्तींची नावं आणि वर्णनं तुमचीच ठेवा.

१९. पार्टीचा सायॉन पकडला गेला. त्याला कोठडीत ठेवायचं कसं? आणि शत्रू सायॉन पकडला तर?

विझार्डची पोथी आणि फोकस काढून घेतला, हात आणि तोंड बांधलं की झालं. सायॉनवर यातलं काहीच चालत नाही, आणि डीएम वैतागून ‘इथे अँटीमॅजिक आहे’ म्हणतो. तो मार्ग चौथ्यांदा वापरला की हसू येतं.

तीन साधी बंधनं क्लासमध्येच लिहून ठेवली की भागतं. लक्ष्य दिसलं पाहिजे, म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधली की बहुतेक शक्ती बंद; टेलिपथीला अपवाद ठेवायचा तर फक्त गेल्या २४ तासांत बोललेल्या माणसासाठी. पॉइंट पूर्ण भरतात ते लाँग रेस्टनेच, म्हणजे दर तासाला जागं करणारा पहारेकरी पुरतो. आणि पॉयझन्ड (विषबाधेच्या) अवस्थेत टर्नची कॅप १ वर येते, म्हणजे तुरुंगाधिकाऱ्याला काढा पाजायची सोय झाली. मग सुटकेचे तीन मार्गही प्लेअरांना आपोआप दिसतात: पट्टी सरकवा, पहारेकऱ्याला झोपवा, काढा सांडा.

हीच बंधनं शत्रू सायॉनलाही लागू. फरक एवढाच की प्लेअर पट्टी बांधायला विसरतात.